कुरकुंभहून दौंडमार्गे पुणे

कुरकुंभच्या फिरंगाईमातेचे दर्शन घेऊन दौंड जंक्शन गाठावे आणि पुण्याची गाडी धरावी. पाटस, केडगाव, यवत, उरुळी... खिडकीबाहेर उसाची शेते सोबत करतात. २०१७ साली या मार्गावर डेमू धावू लागली; व्यापारी, विद्यार्थी, नोकरदारांची सोय झाली. परंतु फाडलेली आसने, दारात अडवलेली वाट आणि धावत्या गाडीवर भिरकावलेला दगड या सोयीस काळिमा फासतात.

प्रवाशांची सुरक्षितता हेतुपुरस्सर धोक्यात आणणाऱ्यास रेल्वे अधिनियम १९८९, कलम १५३ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. श्रावकाच्या बारा व्रतांतील अनर्थदंडविरमण हेच सांगते: निष्प्रयोजन हिंसा नको. दगड फेकणाऱ्यास लाभ शून्य. प्रवाशाचा मात्र डोळा जाऊ शकतो. असे काही दिसताच १३९ वर कळवावे आणि हे व्रत घरातील मुलांनाही समजावावे.