दोन अक्षरांचा घोळ

आमच्या वरणगावात पाटीवर नावापुढे ‘एमडी’ दिसलं की माणसं आदराने चपला दाराबाहेर काढतात. पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर हीच दोन अक्षरं हॉस्टेलवर वेगळ्या अर्थाने ऐकली. ही एमडी म्हणजे मेफेड्रोन: पांढरी पावडर किंवा बारीक खडे, टोपणनाव ‘म्याव म्याव’. आई फोनवर अजूनही “दारूबिरू पीत नाही ना रे?” एवढंच विचारते. तिची काळजी खरी आहे, पण यादी जुनी झालीये.

मेफेड्रोन आपल्याकडे एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं ते फेब्रुवारी २०१५मध्ये. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीत ते बनवणारा कारखानाच पकडला. भुसावळहून पुण्याला येणाऱ्या आपल्या काही गाड्या दौंडला थांबतात ना, त्याच दौंड तालुक्यातलं हे कुरकुंभ. माल काही सातासमुद्रापलीकडून येत नाही.

हे घेतलं की मेंदूत डोपामाइन आणि सेरोटोनिन एकदम वाढतं. असर दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून लगेच परत घ्यावंसं वाटतं. मग छातीत धडधड, अंग तापणं, झोप उडणं, उगाच संशय. आणि पुडीत नक्की काय मिसळलंय, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

माझ्या एका मित्राच्या रूममेटला रात्री असंच कॅज्युअल्टीत न्यावं लागलं. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, “काय घेतलंय?” पोरं म्हणाली, “काही नाही सर, बाहेरचं खाल्लं.” पोलीस, घरचे, नोकरी, सगळ्याची भीती. लघवीच्या नेहमीच्या चाचणीत मेफेड्रोन बरेचदा दिसत नाही. त्यावर उतारा म्हणून एखादं खास औषधही नाही. ताप उतरवणं, झटके थांबवणं, हृदयावर लक्ष ठेवणं, असेच उपचार असतात. त्यामुळे सोबत आलेल्यांनी खरं सांगणं हीच डॉक्टरांसाठी मोठी मदत. शेवटी एकाने सांगितलं. पोरगा वाचला.

ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर नवी होती. तेव्हा डॉ. अनिल अवचट व्यसनात अडकलेल्या पोरांशी जाऊन बोलले आणि ‘गर्द’ लिहिलं. १९८६मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्यासोबत पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. आधी ऐकून घेतलं, मग सांगितलं. आज गावाकडच्या डॉक्टर-नर्सनीही “काय घेतलंस?” हे न रागावता विचारलं, तर खरं उत्तर मिळायची शक्यता वाढते.

तुमच्यासाठी एवढंच: सोबतचा कुणी तापला, बरळायला लागला, छाती धरून बसला, तर त्याला एकटं झोपवू नका. १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना पदार्थाचं नाव सांगा. सोडायचं असेल तर १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर कुणी लावत नाही. तुम्ही लावा.