केदारेश्वराचे पाणी

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे लोक लेण्यांच्या बाबतीत जरा लाडावलेलेच. वेरूळ तासाभराच्या वाटेवर. पाहुण्यांना कैलास दाखवताना तो आमच्या आजोबांनीच कोरवून घेतला असावा, असा आमचा थाट असतो. म्हणून हरिश्चंद्रगडावर पाण्याने भरलेले लेणे आहे, असे दादा सांगू लागला की मी फारसे मनावर घेत नसे. १९८६ साली कॉलेजच्या मित्रांबरोबर जाऊन त्याने त्या पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घातली होती. “एकदा तुला नेतो,” असे तो दर दिवाळीला वहिनींना म्हणे. ते राहूनच गेले. दादाचे वर्षश्राद्ध झाले आणि वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुम्ही न्याल का?”

जानेवारीत गेलो. पाचनईहून चढायला साडेतीन तास लागले; त्यातला एक तास निव्वळ माझ्या गुडघ्यांचा.

आंध्रात बोर्रा येथे गुहा आहेत, त्या पाण्यानेच केलेल्या. चुनखडीचा दगड पाण्यात हळूहळू विरघळतो आणि डोंगर आतून पोकळ होतो. आपला सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीच्या रसाचा. तो असा विरघळत नाही. इथे आधी माणसाने छिन्नी चालवायची, मग पाण्याने येऊन राहायचे. केदारेश्वराचे असेच झाले आहे. मधोमध भली मोठी पिंड, भोवती चार खांब. त्यांतले तीन तुटले आहेत. चौथा पडला की कलियुग संपणार म्हणतात. मी त्याच्याकडे जरा जपूनच पाहिले.

पाण्यात बोटे बुडवली आणि झटकन काढून घेतली. बर्फच! “वहिनी, इथूनच नमस्कार करा,” मी म्हणालो. त्यांनी उत्तर दिले नाही. पदर खोचला, भिंतीला हात लावला आणि उतरल्या. पाणी कमरेला लागले. पिंडीमागच्या अंधारात त्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा मात्र माझा जीव खालीवर होऊ लागला. नुसते पाणी हलल्याचा आवाज.

“वहिनी!”

“अहो भावजी,” आतून आवाज आला, “हे तर मला गुडघाभर पाणी म्हणाले होते हो!”

आणि त्या हसू लागल्या. वर्षभरात मी ते हसणे ऐकले नव्हते.

बाहेर आल्या तेव्हा दात वाजत होते. कोरडे लुगडे नेसून, गडावरच्या झोपडीत दोन कप चहा घेऊन झाला, तरी दादाने आजवर मारलेल्या थापांची यादी संपली नव्हती. ती पाचनईपर्यंत पुरली.