मानेवरची गाठ

पुतणीच्या मानेवर उजव्या बाजूस बोराएवढी गाठ आहे, हे प्रथम शिंपीणबाईंच्या लक्षात आले. लग्न दोन महिन्यांवर आलेले. ब्लाउजचे माप घेताना त्यांनी सहज विचारले आणि घराची झोप उडाली.

वहिनी म्हणाल्या, "ही गंडमाळच. सासूबाई कांचनाराच्या सालीचा लेप लावीत." दादांना मात्र थेट कर्करोग दिसू लागला. आम्ही मध्यप्रदेश शासनात हयातभर फायलींवर 'सविस्तर माहिती मागवावी' असा शेरा मारीत आलो, पण त्या दिवशी आमच्या तोंडून निघाले ते एवढेच, "मुलाकडच्यांना तूर्त कळवू नका." ते वाक्य आजही आम्हांस टोचते.

इंदूरचे डॉक्टर प्रश्नच फार विचारीत. ताप येतो का? रात्री घाम? वजन घटले? दाढ दुखते? घरात कुणास क्षय होता? पाणी गिळावयास लावून गाठ वर सरकते का, ते पाहिले. सरकती तर संशय थायरॉइडचा. मग घसा, काखा, जांघा, पोट. "गाठ अचानक आलेली नाही, अचानक दिसली आहे," ते म्हणाले. तरुण वयात अशा गाठी बहुधा घशाच्या वा दातांच्या संसर्गाने येतात आणि काही आठवड्यांत ओसरतात. मात्र कडक, वाढत जाणारी किंवा गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीतली गाठ असेल, तर वाट पाहावयाची नसते. हिच्या गाठीशेजारी आणखी दोन होत्या, एकमेकींस चिकटलेल्या. म्हणून सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि सुईने पेशी काढून तपासणी.

सुई टोचल्याने रोग पसरतो, असे वहिनींनी कुठेसे ऐकलेले. दादा म्हणाले, "सरळ चिरूनच टाका." डॉक्टरांनी दोघांसही शांतपणे ऐकून घेतले. क्षयाची गाठ नुसती चिरली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते, हे आम्हांस तेव्हा प्रथम कळले.

अहवाल क्षयाचाच आला. वहिनींचे निदान खरे ठरले, औषध तेवढे चुकले. फुप्फुसे स्वच्छ होती, म्हणजे इतरांस लागण होण्याची भीती नव्हती. सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी केंद्रातून विनामूल्य मिळाल्या. दुसऱ्या महिन्यात गाठ उलट फुगली. असे होऊ शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, म्हणून निभावले.

मुलाकडे देवासला आम्हीच गेलो. लपविण्याचा सल्ला आमचा, तेव्हा सांगण्याचे कामही आमचेच. व्याह्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "गोळ्या वेळेवर घेते ना?"

मुहूर्त पुढे गेला. शिंपीणबाईंनी ब्लाउजचे माप पुन्हा घेतले. पुतणीचे वजन तीन किलोंनी वाढले होते.