राधिकाची बोली, गुरुनाथची लाज

'झी मराठी'वर 2016 ते 2021 या काळात चाललेली 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका बहुतेकांना आठवते ती राधिका आणि तिच्या नवऱ्याची प्रेयसी शनाया यांच्या भांडणांसाठी. माझ्या मते तिच्यातलं खरं भांडण ते नव्हतंच. राधिका सुभेदार नागपूरकडची. मुंबईच्या सोसायटीत संसार थाटला, मुलाला, अथर्वला वाढवलं, पण बोलायची ती माहेरच्याच बोलीत. ते बोलणं, ती साडी, पैशापैशाचा तो हिशेब, या सगळ्याची तिच्या नवऱ्याला, गुरुनाथला चारचौघांत लाज वाटे. शनाया ही त्या लाजेतून निघालेली पळवाट होती.

आमच्या बिरश्यात बसून हे चटकन कळतं. बालाघाट जिल्ह्यातलं हे तहसिलीचं गाव. जवळच मलाजखंडची तांब्याची खाण, पूर्वेला छत्तीसगड. 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. राज्यं नव्यानं आखली तेव्हा नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. इथली मराठी घरं हिंदी, पोवारी, गोंडीच्या मधोमध आपली बोली सांभाळून आहेत. मालिकांमध्ये ही बोली तोवर यायची ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी, लोकांना हसवायला. आता नायिका 'का'ऐवजी 'काहून' म्हणत होती, आणि तिच्या दुःखावर कोणी हसत नव्हतं. राधिका साकारणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या अनिता दाते यांनी ही बोली नक्कल न वाटता पेलली, याचं मला फार अप्रूप आहे.

शेजारच्या वहिनी एकदा मुलाच्या शाळेत पालकसभेला गेल्या होत्या, मीही तिथं होतो. सरांनी विचारलं तसं त्या हिंदीत सुरू झाल्या, आणि तिसऱ्या वाक्याला घरचं बोलणं मिसळलं: "सर, हा घरी तं चांगला वाचते, इथंच काहून घाबरते तं मालूम नाही." सर नुसते ऐकत होते. दहा वर्षांच्या त्या पोरानं मात्र आईच्या पदराला हलकासा हिसका दिला आणि नजर बाकाखाली नेली. त्याला कोणी शिकवलं होतं हे? गुरुनाथला खलनायक म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण तो अशाच एखाद्या बाकावरून उठून मोठ्या पगाराच्या नोकरीपर्यंत पोचलेला माणूस आहे, असं मला वाटतं.

मालिकेनं राधिकाला न्याय दिला तो मसाल्यांमधून. घरात कोणी मोजत नव्हतं ते मसाला भाजणं, कुटणं तिनं बाजारात नेलं आणि 'राधिका मसाले' उभं राहिलं. धणे किती भाजायचे, खोबरं कुठवर लाल होऊ द्यायचं हे हाताला आणि नाकाला ठाऊक असणं ही विद्या आहे, हे आठ वाजताच्या मालिकेनं घराघरांत मानायला लावलं. पण मग कंपनी फुगत गेली, तीनशे कोटींवर गेली, आणि माझं मन मागे फिरलं. गुरुनाथ ज्या मापानं माणसं मोजत होता, त्याच मापात राधिकाला वर चढवली गेली. बोलीची लाज कोटींनी झाकली.

शनायाचं तर त्याहून वाईट. रसिका सुनील आणि इशा केसकर अशा दोघींनी ही भूमिका केली, पण घराघरांतला राग एकच राहिला. गुरुनाथच्या वाट्याला फजिती आली, शनायाच्या वाट्याला शिव्या. घरात बायको असताना बाहेर संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला लोक हसून सोडून देतात, ही आपली जुनी सवय मालिकेनं मोडली नाही.

मोडलं ते दुसरंच काही. राधिकानं घटस्फोट घेतला, सौमित्रशी लग्न केलं, आणि सासू-सासरे तिच्याच पाठीशी राहिले. आमच्याकडे नवऱ्यानं टाकलेली बाई माहेरी परतते, भावाच्या घरात खालमानेनं राहते. एका मुलाच्या आईनं पुन्हा हळद लावून घेतलेली इथल्या सासवांनी सुनांबरोबर बसून पाहिली, हे मला कोटींच्या कंपनीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

राधिकाच्या कंपनीचं कौतुक चाललं असताना त्याच वहिनींनी मला विचारलं होतं, "अन् तिचे मसाले खपलेच नसते तं? मंग त्यानं सोडलं ते बरोबर झालं असतं का?" मालिका पाच वर्षांच्या आसपास चालली, तेवढ्यात हा प्रश्न तिनं एकदाही राधिकाच्या तोंडी येऊ दिला नाही.