चौकातले ऊन

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. म्हणून घराच्या दक्षिण बाजूला मोठी खिडकी ठेवावी, म्हणजे ऊन आत येते आणि घर उबदार राहते, असे पुस्तकांत लिहिलेले असते. लडाखमध्ये अशी घरे बांधतात. पण दक्षिणेला शेजाऱ्यांची दुमजली भिंत असेल तर?

कोरेगावातील आमची जागा तशीच आहे. लांबट, अरुंद आणि दक्षिणेच्या हद्दीवर 22 फूट उंच भिंत. जुन्या घरात डिसेंबरमध्ये ऊन शिरतच नसे. अम्मींचे गुडघे थंडीने आखडत. नवे घर बांधायचे ठरले, तेव्हा भाईजानना एक खोली जास्त हवी होती आणि मला अम्मींसाठी ऊन हवे होते. जागा आणि पैसा, दोन्ही बेताचेच!

आधी सावली मोजली. विद्यार्थी मित्रांनो, नमाजच्या काही वेळा सावलीवरून ठरतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. सावली सर्वांत आखूड होऊन पुन्हा वाढू लागली, की जोहरची वेळ सुरू होते. मी तीच रीत वापरली. 22 डिसेंबरला कोरेगावात सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. तरी तो क्षितिजापासून 49 अंशच वर असतो. त्या भिंतीची सावली आमच्या जागेत 19 फूट आली. तिथे मी चुन्याने रेघ मारली.

मग पुढचे सोपे झाले. दक्षिणेकडच्या 12 फुटांत जिना, मोरी आणि कोठीची खोली. त्यापुढे 12 फुटांचा मोकळा चौक. चौकाच्या उत्तरेला अम्मींची खोली, तिची खिडकी चौकाकडे. कोठीचे छत 10 फुटांवर जाऊ दिले नाही, म्हणून दुपारचे ऊन अम्मींच्या भिंतीला पायथ्यापासून लागते.

"मास्तर, एवढी जागा मोकळी सोडताय? इथं एक खोली सहज बसंल," मिस्त्री म्हणाले. भाईजानही तेच म्हणत होते. खरे तर चौक ही काही माझी कल्पना नव्हे. उर्दूत आपण त्याला सहन म्हणतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आहे. त्यातही चौकांतूनच उजेड येतो.

खिडकीवर दोन फुटी छज्जा आहे. डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली भिंतीवर सव्वादोन फूटच उतरते, मार्चअखेर मात्र सुमारे आठ फूट. त्यामुळे हिवाळ्यातले ऊन आत येते, उन्हाळ्यातले बाहेर राहते. भिंत काळ्या दगडाची आणि जाड आहे. दिवसा घेतलेली ऊब ती रात्री हळूहळू सोडते. वर रोशनदान, म्हणजे झरोका, ठेवला आहे. उन्हाळ्यात गरम हवा तिथून निघून जाते.

भाईजानची खोली अजून व्हायची आहे. ती अम्मींच्या खोलीवर बांधायची, असे ठरले आहे. कोठीवर चढवली तर खर्च कमी येईल, पण चौकातले ऊन जाईल. हे आता भाईजानच मिस्त्रींना समजावून सांगतात.