भोपाळहून परत आलेली शेवंती

बेळगावात गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं, की गाडी न बदलता थेट भोपाळ. यंदा संक्रांतीला अक्काकडे गेले. मोठा तलाव पहिल्याच संध्याकाळी पाहिला; पण माझा जीव अडकला होता अक्काच्या अंगणातल्या शेवंतीत.

ही शेवंती आमच्या आईच्या परसातली. आई तिला 'सेवंतिगे' म्हणायची, अक्काच्या शेजारणी 'गुलदाउदी' म्हणतात. बेळगावच्या परसात फरशी घातली नि तिथलं झाड गेलं. आईही गेली. उरलं ते अक्काकडचंच.

विलायती पुस्तकांत उशिरा फुलणारी, वर्षानुवर्षं टिकणारी अॅनिमोनी असतात. पण त्यांना गारवा हवा. भोपाळच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे त्यांचं काय चालणार? शेवंतीही उशिरा फुलणारी आणि टिकणारी, शिवाय आपल्या हवेला सरावलेली.

अक्काची रीत सोपी आहे. फुलं सरली की झाड वीतभर ठेवून छाटायचं. बुंध्याशी फुटवे येतात, ते उन्हाळाभर सावलीत जगवायचे. पावसाळ्यात त्यांची कलमं कुंडीत लावायची. तिथली काळी माती पाणी धरते, मुळं कुजतात. म्हणून वाळू आणि शेणखत मिसळायचं. ऑगस्टपर्यंत शेंडे खुडले की झाड डवरतं.

एवढं करूनही एका वर्षी झाडाला कळीच धरेना. अक्का रडवेली झाली. मग लक्षात आलं, फाटकासमोर रस्त्याचा नवा दिवा लागला होता! शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलणं अवलंबून असतं, हे गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली मांडलं होतं. फुलशेती करणारे रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर मुद्दाम लांबवतात, तेही यामुळेच.

पुढच्या वर्षी अक्काने कुंड्या मागच्या दारी, अंधारात हलवल्या. नोव्हेंबरात झाडं पिवळीधमक झाली.

निघताना तिने दोन फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवले. "जपून ने गं, आईचं आहे," एवढंच म्हणाली.

बेळगावात पोचले त्या रात्री सामानही न उघडता मी घराभोवती फेरी मारली. अंधार कुठल्या बाजूला असतो, ते आधी पाहून ठेवलं.