शहापुरातील बेळकिंडी

कपिलेश्वर उड्डाणपूल उतरून शहापुरात शिरले की गल्ल्या अरुंद होतात आणि घरे भिंतीला भिंत लावून उभी दिसतात. 1948 पूर्वी हा भाग सांगली संस्थानात होता. विणकरांची, व्यापाऱ्यांची ही जुनी पेठ. घरांची ठेवण ठरलेली. पुढे कट्टा, आत सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परसू. शेजारच्या कन्नड घरात आपल्या सोप्याची पडसाले होते, एवढाच फरक.

दोन्ही अंगांना शेजाऱ्याची भिंत असल्याने या घरांना बाजूने खिडक्या नाहीत. उजेड यायचा तो वरून, छपरातल्या बेळकिंडीतून. हा कन्नड शब्द आमच्याही घरात रुळलेला. तिच्यातून उजेड खाली यायचा आणि तापलेली हवा वर निघून जायची.

आमच्या नात्यातील एका वृद्ध काका-काकूंचे असेच घर आहे. एक मुलगा पुण्यात, दुसरा बेंगळुरूत. घरात अंधार, भिंतींना ओल आणि उन्हाळ्यात उकाडा. तेव्हा पाडून फ्लॅट करावेत, असा मुलांचा विचार. काकूंना हे घर सोडायचे नाही. त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्न निव्वळ विजेच्या बिलाचा राहिला नाही.

घर नीट पाहिले तेव्हा ध्यानात आले, की या तक्रारी जुन्या बांधणीच्या नाहीत, नंतरच्या डागडुजीच्या आहेत. पावसात गळते म्हणून बेळकिंडीवर पत्रा ठोकलेला. म्हणून माजघरात सकाळी अकरालाही ट्यूबलाइट. मागच्या खोलीवरची कौले काढून तिथेही पत्रे घातलेले. पत्रा उन्हाने लगेच तापतो आणि ती धग थेट खाली येते. कौलांच्या फटींतून मात्र गरम हवा निघून जाते. मातीच्या जाड भिंतींना सिमेंटचा गिलावा दिलेला. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि पुढे सुकते; सिमेंटने ती ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात.

कामाला आलेल्या गवंडीमामांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, “अक्का, सिमेंट ब्याडा, सुण्णा हच्चोण.” काकूंचा चेहरा खुलला.

मग क्रम ठरला. आधी छपराचे वासे, रिपा तपासायच्या, फुटकी कौले बदलायची. बेळकिंडीवर पत्र्याऐवजी काचेची कौले, आणि हवा जाण्यासाठी बाजूला जाळी. मागे पुन्हा कौले आणि त्यांखाली लाकडी तक्तपोशी. भिंतींचे सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा. विजेच्या वस्तूंचा विचार त्यानंतर.

तिथेही थोडा हिशोब करावा. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. दिवसाला दहा तास चालला तर एका पंख्यामागे रोज जवळपास अर्धा युनिट वाचतो. शंभर लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला गिझरला सुमारे 3 युनिट लागतात. म्हणून सौर बंब फायद्याचा. पण भरलेल्या टाकीतल्या नुसत्या पाण्याचेच वजन शंभर किलो. ते जुन्या वाशांवर टाकू नये. न्हाणीवर स्लॅब असेल तर तिथे, तोही तपासून, बसवावा. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात सूर्य दिसत नाही, तेव्हा न्हाणीतला तांब्याचा बंब मोडीत घालण्याची घाई नको.

2023 मध्ये राज्यात ‘गृहज्योती’ योजना आली. तेव्हापासून “बिलच येत नाही, मग बचत कशाला?” असे ऐकू येते. पण अंधारे माजघर आणि ओली भिंत काही सरकारी सवलतीने सुधारत नाही. म्हाताऱ्या माणसांना दिवसा उजेडात वावरता यावे, कोरड्या भिंतीला टेकून बसता यावे, ही बचत बिलात दिसत नाही.

शहापूर, वडगाव, खासबागेत अशी घरे अजून उभी आहेत. आपलेही असेल, तर पाडण्याचा निर्णय घेण्याआधी एकदा माजघरात उभे राहून वर पाहा. बेळकिंडी बहुधा तिथेच असेल, पत्र्याखाली झाकलेली. काकूंच्या घरचा पत्रा गेल्या आठवड्यात उतरला. मुलांनी फ्लॅटचा विषय दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे.